आशावादाची आगाऊ नोंदणी

सायबरपंक, म्हणजे तंत्रज्ञान शिगेला पोहोचलेले पण माणूस महाकाय कंपन्यांच्या मुठीत सापडलेला असे भविष्य रंगवणारा कथाप्रकार, कंपन्यांच्या शब्दावर विसंबू नये, असेच सतत बजावतो; तथापि ‘सायबरपंक २०७७’ या भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमच्या, म्हणजे खेळाडू स्वतः घडवलेल्या पात्राच्या रूपाने कथेत वावरतो अशा खेळाच्या, सुमारे ८० लाख प्रती चाहत्यांनी आगाऊ पैसे मोजून राखून ठेवल्या. डिसेंबर २०२० मध्ये तो इतका सदोष निघाला की सोनीने त्याच महिन्यात आपल्या ऑनलाइन दुकानातली त्याची विक्री थांबवून परतावा देऊ केला. पुढच्या दुरुस्त्यांनी जुने पाप धुतले गेले आणि २०२२ मध्ये तो बनवणाऱ्या पोलिश कंपनीने ‘ओरायन’ या सांकेतिक नावाने पुढचा भाग जाहीर करताच अपेक्षांचे इमले पुन्हा चढू लागले. बोध वगळून केवळ बोधकथा विकत घेणारा असा ग्राहक या कथाप्रकारातल्या कोणत्याही खलनायकी कंपनीच्या नशिबी आलेला नाही.