आठवा खिळा

पवनेच्या काठी दिव्यांच्या माळा लावून ओळीने ठोकलेले तंबू दिसले की माझं डोकं फिरतं. पैसे मोजायचे, आयत्या तंबूत शिरायचं, रात्री तंदुरी चावत स्पीकरपुढे नाचायचं आणि सकाळी 'सह्याद्रीच्या कुशीत' म्हणून फोटो टाकायचा. अरे, ही कूस आहे की मंगल कार्यालय? हे मत मी घरात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तोंडात कापूस असताना दाताच्या डॉक्टरसमोरही मांडलेलं आहे.

"मग तू टाक ना एकदा खरा तंबू," लेक म्हणाली. तिचा आवाज गोड होता. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

माझा अधिकार मोठा होता, असं माझं म्हणणं. कॉलेजात असताना मी 17 वेळा राजगड केला. पद्मावतीच्या देवळात फरशीवर सतरंजी, उशाला बूट, कानाशी अनोळखी माणसाचं घोरणं. (17 हा आकडा दरवर्षी एकाने वाढतो, असं बायकोचं निरीक्षण आहे.) आता गडावर मुक्कामाला मनाई आहे. ती बरोबरच आहे. आमच्यासारख्यांनी तिथे काय काय टाकून ठेवलं ते मला माहीत आहे. तेव्हा ठरलं, गडाच्या पायथ्याला, कुठल्याही छावणीबिवणीत नाही, रानात जिथे मन रमेल तिथे.

चेलाडी फाट्याला आत वळलो. मार्गासनी गेलं आणि मन रमण्याजोग्या प्रत्येक जागेभोवती तारेचं कुंपण दिसायला लागलं. 'गडाच्या पायथ्याशी हक्काचं घर', 'क्लिअर टायटल', 'फक्त मोजकेच प्लॉट'. शेवटी ऊन उतरताना एक पठार सापडलं. ना तार, ना पाटी. समोर अख्खा राजगड. "बघा," मी म्हणालो, "मोकळी जागा अजून आहे."

तंबू तिघांचा होता आणि त्याला 8 खिळे होते. ज्याने कुणी तो आखला त्याच्या डोळ्यांपुढे लोण्यासारखी मऊ कुरणं असणार. आमच्याकडे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचले, त्यांचा काळा पत्थर झाला, आणि त्या पत्थरावर वीतभर ॲल्युमिनियमचा खिळा घेऊन मी उभा. पहिला खिळा वाकला. दुसरा टणकन उडून बायकोच्या चपलेवर आपटला.

खिळा ठोकायला अर्थातच दगड. इथे मला दगडाबद्दल बोलू द्या, कारण या डोंगरात आल्यावर माणसाला दुसरं हत्यार लागत नाही. तीन दगडांची चूल होते. एक गाडीच्या चाकाखाली जातो. एक पातेल्याच्या झाकणावर बसतो, एक ताटाखाली घातला की ताट डुगडुगायचं थांबतं. मिरची ठेचायला चपटा, अक्रोड फोडायला गोल. वाट चुकू नये म्हणून एकावर एक रचायचे, शेंदूर लावला की त्याच दगडाला नारळ फोडायचा. कुत्र्यासाठी तर दगड लागतच नाही, नुसतं खाली वाकलं तरी महाराष्ट्रातलं कुठलंही कुत्रं पळतं. ही विद्या त्याच्या रक्तात आहे आणि आपल्याही. पण दगड निवडणं हे खरं काम. फार मोठा उचलत नाही, फार लहान बोटावर बसतो, ठिसूळ असला तर मुठीतच भुगा. मी 25 मिनिटं दगड निवडत होतो. चांगला सापडला. हाताला असा बसला की पूर्वजन्मीची ओळख असावी. त्या दगडाने मी तिसरा खिळाही वाकवला.

"बाबा, खाली शेतात माती आहे," लेक म्हणाली.

खाली भाताचं खाचर होतं. फेब्रुवारीतलं, कापणी होऊन गेलेलं, बुडख्यांचं. वाकडे खिळे त्या लाडक्या दगडाने सरळ केले आणि तंबू उभा राहिला. म्हणजे मी हात काढला तेव्हा पडला नाही. थंडी वाढली. खाचराच्या कोपऱ्यात वाळलेल्या डहाळ्यांचे भारे रचलेले होते, पाल्यासकट, वेलीने बांधलेले.

"कुणीतरी बांधून ठेवलंय हे," बायको म्हणाली.

"रानातलं लाकूड रानाचं," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. शेकोटी अशी पेटली की गडावरून दिसावी. मी त्या उजेडात 17 पैकी 11 वेळांच्या आठवणी सांगितल्या.

सकाळी चेन उघडून डोकं बाहेर काढलं तर समोर दोन पाय. वर बंडी, त्यावर पांढरी टोपी. आजोबा माझ्याकडे नाही, राखेकडे बघत होते.

"रातच्याला लई उजेड दिसत व्हता," ते म्हणाले. "पर पावणं, राब असा एका जाग्यावर ढीग करून न्हाई भाजत. वाफ्यात पसरून भाजत्यात."

मी काय जाळलं होतं ते तेव्हा कळलं. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तो आधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर ऐनाच्या, किंजळीच्या छाटलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळं, त्यावर पातेरा नि गवत, वर माती. मग वारा बघून आग द्यायची. तणाचं बी मरतं, राख मातीत जाते, जूनमध्ये रोप जोमाने उठतं. झाडावर चढून ही कवळं तोडायची, बांधायची, डोक्यावरून आणायची. त्यांतले तीन भारे मी गप्पा मारत हात शेकून संपवले होते.

आजोबा एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं, मीही काहीतरी बोललो असतो. मी पाकीट काढलं.

"नोटा पसरून रोप येतंय व्हय?" त्यांनी विचारलं, आणि ते खरंच विचारल्यासारखं होतं.

पलीकडे तार होती. ती जमीन त्यांच्या भावाची, विकली. आता तिथला राखणदार यांची गुरं ओढ्याच्या पाण्यावर जाऊ देत नाही. त्या तारेकडे बघताना मला माझाच राग आला. काल संध्याकाळी मी ती तार बघून नाक मुरडलं होतं आणि अलीकडे वळलो होतो. आजोबांची जागा मला मोकळी वाटली, कारण तिला कुंपण नव्हतं. कुंपण घालणाऱ्याच्या काडीलाही मी हात लावला नसता.

मग आम्ही कामाला लागलो. आजोबांनी मला कोयता दिला, पाच मिनिटं बघितलं आणि परत घेतला. माझ्याकडे ओझी वाहण्याचं खातं आलं. लेकीने पातेरा गोळा केला; तिने सेल्फी काढला नाही, हे मी नोंदवून ठेवतो. बायको ओटीवर आजींबरोबर कोरा चहा पीत होती. "हे इथे 17 वेळा आलेत," ती म्हणाली. "मग वाट तरी म्हाईत आसंल," आजी म्हणाल्या.

आवरताना खिळे मोजले. 7.

आजोबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसली. कवळं गेली त्याचं काही नाही. पण खिळा बैलाच्या खुरात गेला तर? आम्ही पाचही जण बुडख्यांमधून वाकून फिरलो. तासभर. सापडला नाही. नातवाकडे माझा नंबर देऊन निघालो.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. "खिळा गावलाय. आज्जा म्हणतोय, मंगळवारी राब भाजायचाय, बगायला या."

मंगळवारची रजा टाकली आहे. अर्जात कारण 'घरगुती' असं लिहिलंय.