अस्वलबहाद्दर

डेन्व्हर, बॉइझी, स्पोकेन अशा अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या शहरांत ही जमात आढळते. सोमवार ते शुक्रवार हे गृहस्थ लोकांचे दात कोरतात, विमे विकतात किंवा संगणकासमोर बसतात. अंगात चौकड्यांचा शर्ट, राखलेली दाढी, दारात उंच चाकांची गाडी. शनिवारी रानात चालायला जायचा त्यांचा बेत पक्का असतो आणि तो बहुधा पुढच्या शनिवारावर ढकलला जातो. बूट आहेत, तंबू आहे, नकाशे आहेत. सोबत कुठली बंदूक न्यायची, एवढंच ठरायचं राहिलेलं असतं.

सुरुवात .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरने झाली. कुणीतरी म्हणालं, याने ग्रिझली अस्वलाला गुदगुल्या होतील. म्हणून .४४ मॅग्नम आलं, १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’त क्लिंट ईस्टवूडने गाजवलेलं. पण त्यात गोळ्या सहाच. सहांत नाही आटपलं तर? म्हणून दहा मिलिमीटरचं ग्लॉक पिस्तूल, पंधरा गोळ्यांचं. मग झोप उडाली, की गोळ्या मुबलक आहेत खऱ्या, पण एकेकीत दम किती? तेव्हा .४५४ कसुल. आणि दुकानाच्या काचेआड नजर खिळलेली असते ती .५०० मॅग्नमवर. स्मिथ अँड वेसनने २००३ साली काढलेलं हे धूड लांब नळीसह दोन किलो भरतं. पाठीवरचं ओझं हलकं व्हावं म्हणून याच माणसाने दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने अर्धी कापलेली आहे.

गोळीचा विषय निघाला तर पाहुण्याने आधी जेवून घ्यावं. पोकळ नाकाची गोळी माणसासाठी ठीक. अस्वलाच्या चरबीत ती लगेच फुलते आणि तिथेच थांबते. इथे हवी कडक शिशाची, चपट्या नाकाची, हाड फोडून आत जाणारी. हे सगळं समजावताना समोरच्या भाजलेल्या कोंबडीत काटा खुपसला जातो. बायको शांतपणे कोशिंबीर पुढे करते. तिला हे प्रात्यक्षिक पाठ आहे.

बंदूक बांधायची कुठे, हा निराळाच प्रबंध. कमरेला बांधावी तर बॅगेचा पट्टा तिच्यावर बसतो. बॅगेत ठेवावी तर अस्वलाला ‘जरा थांब’ म्हणावं लागेल. शेवटी चामड्याची म्यान छातीवर येते, आणि हे गृहस्थ तान्ह्या बाळाला झोळीत घेऊन निघाल्यासारखे, एक हात सतत वर ठेवून चालतात. झोळीमुळे पायाखालचं दिसत नाही. मग ठेच लागते.

आता एक नाजूक गोष्ट. डेन्व्हर ज्या कोलोरॅडो राज्यात आहे तिथे आज काळी अस्वलं आहेत, ग्रिझली नाहीत. तिथला शेवटचा ज्ञात ग्रिझली १९७९ साली सॅन वान डोंगरात मेला. त्याने एका शिकारी वाटाड्याला खाली पाडलं होतं, आणि त्या वाटाड्याच्या सांगण्यानुसार, त्याने धनुष्याचा बाण हातात धरून अस्वलाला भोसकलं. धनुष्यसुद्धा लागलं नाही, मग मॅग्नमची बात कशाला? हा इतिहास अस्वलबहाद्दराला ठाऊक असतो. तो म्हणतो, “बघा, म्हणूनच तयारी हवी.”

कायदा तर तोंडपाठ. २२ फेब्रुवारी २०१० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत, त्या त्या राज्याच्या कायद्यात बसत असेल तर, भरलेली बंदूक जवळ बाळगता येते. तिथल्या सरकारी इमारतींत मात्र नेता येत नाही. आणि उद्यानात ती झाडायला एरवी बंदीच आहे. बाळगा, पण उडवू नका! या माणसाच्या आयुष्याला इतका बेतून शिवलेला कायदा दुसरा नसेल.

त्याच्यापुढे बेअर स्प्रेचं नाव काढू नये. मिरचीतल्या कॅप्सेसिनचा हा फवारा नऊ-दहा मीटरवर ढग उभा करतो, डबा एका हातात मावतो, आणि किमतीत तर बंदुकीशी तुलनाच नाही. नेमका हाच त्याचा दोष. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या नोंदी तपासल्या. २००८ च्या निबंधात असं निघालं, की तपकिरी अस्वलांवर फवारा ९२ टक्के वेळा लागू पडला. २०१२ साली त्यांनी बंदुकीच्या २६९ प्रसंगांचा हिशेब मांडला. जवळची बंदूक उडवणारे आणि न उडवणारे यांच्या जखमी होण्यात काही फरक दिसला नाही. अस्वलबहाद्दराचं यावर उत्तर तयार असतं : “त्या लोकांचा सराव नव्हता.” याचा सराव बंदिस्त रेंजवर, कागदी अस्वलावर होतो. कागदी अस्वल जागचं हलत नाही. खरा ग्रिझली ताशी ५६ किलोमीटरने येतो, म्हणजे ४५ मीटरवरून तीन सेकंदांत तुमच्यापाशी.

त्याचं दैवत शोधयात्री मेरिवेदर ल्युईस. १८०५ मध्ये सहप्रवासी क्लार्कच्या जोडीने मिसुरी नदीतून वर जाताना ग्रिझलीशी पुन्हा पुन्हा गाठ पडलेला माणूस. त्या प्रवासातल्या किती अस्वलांनी किती गोळ्या पचवल्या हे आमचा बहाद्दर रंगवून सांगतो. १४ जूनचा प्रसंग तेवढा गाळतो. ग्रेट फॉल्सजवळ ल्युईसने गवा मारला आणि बंदूक पुन्हा भरायला तो विसरला. तेवढ्यात मागून अस्वल. साहेब पळत नदीत कमरेएवढ्या पाण्यात शिरले, वळून भाला रोखला, आणि अस्वल, काय वाटलं कोण जाणे, आल्या वाटेने पळालं.

दुकानातल्या म्हाताऱ्या विक्रेत्यांना ही गिऱ्हाइकं पाठ असतात. अलास्कातला जुना विनोद ते गंभीर चेहऱ्याने ऐकवतात : आधी नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा कानशीने घासून सपाट करून घ्या. का? अस्वल बंदूक हिसकावून जिथे घुसवेल तिथे कमी दुखेल.

आपल्याकडे हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मिटवला. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. सह्याद्रीतल्या भटक्यांचा वाद फार तर काठी भरीव वेळूची की पोकळ बांबूची इथवर जातो. पण तिकडच्या मराठी मंडळांतही आता या जमातीचे नमुने दिसू लागले आहेत. एच-वन-बी व्हिसावर एरवी बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना असेल तर येते. तेव्हा चातुर्मास पाळणारा, अंड्यालाही न शिवणारा मुलगा हरणाच्या शिकारीचा अर्ज भरताना दिसला, तर घाबरू नका. त्याला हरीण नको आहे, ग्लॉक हवं आहे.

यलोस्टोन उद्यानात गेलात तर अस्वलापासून ९१ मीटर आणि गव्यापासून २३ मीटर लांब राहा; तिथे सगळ्यांत जास्त माणसं गवाच जखमी करतो, आणि त्याच्यासाठी छातीवर कुणी काही बांधत नाही. फवाऱ्याचा डबा विमानात चालत नाही, तिथेच विकत घ्या. तो हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको, आणि डासांच्या औषधासारखा अंगाला मारू नका. मारणारे निघाले आहेत. वाटेच्या तोंडाशी छातीवर पिस्तूल बांधलेले गृहस्थ भेटले तर हवा विचारा, मुलंबाळं विचारा, राजकारणसुद्धा विचारा. कॅलिबर तेवढं विचारू नका. अंधार पडायच्या आत तुम्हाला गाडीपाशी परतायचं आहे.