गजऱ्याचा दोरा आणि सोळा तास

"आजोबा, १२,८५० किलोमीटर. विमानाला सोळा तास." सॅन फ्रान्सिस्कोहून नातवानं हिशेब कळवला. संगणक खोटं बोलत नाही, असं त्याचं मत.

हिनं मात्र कपाटावरचा पृथ्वीगोल पुसून घेतला आणि गजऱ्याचा दोरा जबलपूरपासून ताणला. दोरा पश्चिमेला जाईचना! तो उत्तरेला चीनवरून सायबेरियात शिरला, ७२ अंश अक्षांशापर्यंत चढला आणि अलास्कावरून खाली उतरला. पण जवळचा रस्ता म्हणे हाच.

"अहो, सायबेरिया लागतोय. स्वेटर काढा."

जुलै महिना. बाहेर पाऊस, आत उकाडा. हिनं स्वेटर नुसता काढला नाही, अंगात घातला.

आता जबलपूरहून परदेशी थेट विमान नाही. अमेरिकेला निघालेल्या माणसानं आधी मुंबईला जायचं, म्हणजे ८७० किलोमीटर नैर्ऋत्येला, दोऱ्याकडे सरळ पाठ करून! शिवाय संगणकाचे सोळा तास धावपट्टीवर सुरू होतात, आमचे घरी, गोलबाजारातच झाले. शेजारच्या काकूंचं दही-साखर, दाराशी एक निरोप, जिन्यात दुसरा, गाडीच्या काचेतून तिसरा, त्यात "गॅस बंद केला का?" म्हणून एकदा परत वर. विमानतळाच्या वाटेवर, डुमन्याच्या जंगलात चितळांचा कळप रस्त्यात उभा. ड्रायव्हर गाडी थांबवून म्हणाला, "दादा, इनको कोई जल्दी नहीं है."

प्रवासाच्या कोष्टकांशी आमच्या गावाचं वाकडं जुनंच आहे. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली जीआयपी आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपुरात जुळल्या. उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं हजर. त्या भरवशावर ज्यूल व्हर्ननं 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा'मध्ये मुंबई-कलकत्ता तीन दिवसांत बसवलं आणि पुढे, गोष्टीतलं साल १८७२ असूनही, अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपवून टाकले! गोष्टीचा नायक बिचाऱ्या फॉगला दोन हजार पौंडांचा हत्ती घ्यावा लागला. रूळ जुळून दोन वर्षं झाली होती हो! जबलपूरकरानं हे मनाला का लावून घेऊ नये?

असो. मुंबईच्या विमानतळावर सहा तास बसलो. स्वेटरमधल्या हिच्याकडे एक लहान मूल टक लावून पाहत होतं. पुढे विमानातल्या नकाशावर सायबेरिया काही येईना. "चुकवला वाटतं," मी म्हणालो. हिनं बटणं लावूनच घेतली.

दाराला कुलूप लावल्यापासून ३४ तासांनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो. घड्याळं साडेबारा तास मागे केली. तेवढे तास वजा केले तरी साडेएकवीस उरत होते. सोळा काही होईनात. हे नातवाला सुनावणार, तोच दार उघडलं आणि समुद्रावरचा गार वारा धुक्यासकट अंगावर आला. भर जुलैत! माझ्या अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, दात वाजायला लागले.

हिनं पिशवीतून दुसरा स्वेटर काढून माझ्यापुढे धरला. नातवाकडे वळून म्हणाली, "दोरा बरोबर होता."