खाऱ्या वाऱ्याचे अण्णा

अण्णांना बोलवावं लागत नाही. कुठल्याही घरात संगणकावर भजनाची सीडी अडकून ‘टक् टक् टक्’ करायला लागली की ते खळ्यात हजर. चपला काढतानाच निदान झालेलं असतं : “खारो वारो. लेन्साक लागलो.”

मालवणच्या किनाऱ्यावर वाडीला एक तरी असे अण्णा असतातच. आमचे जरा जास्तच आहेत. माझ्या पुण्याच्या भाचीचा सीडी ड्राइव्ह रुसला, तेव्हा त्यांनी फोनवरूनच निकाल दिला. म्हटलं, “अण्णा, पुण्यात खारा वारा?” तर म्हणाले, “गणपतीक गावाक इल्ली ना? तेवाच लागलो!” सीडी १९८२ साली बाजारात आली, जपान आणि हॉलंडच्या कंपन्यांनी मिळून काढली. हे कळल्यापासून त्यांचा एकच आक्षेप आहे. त्या साहेबांनी आधी देवबागाक येवन ऱ्हवाक होया होता.

आमच्या जुन्या संगणकात सीडी फिरायची, मिनिटं-सेकंद पुढे सरकायचे, आवाज मात्र शून्य. तेव्हा ऑडिओ सीडीचा आवाज ड्राइव्हमधून साउंड कार्डाकडे एका बारीक वायरीतून जायचा आणि जोडणाऱ्याने ती वायर लावलीच नव्हती. अण्णांनी अख्खी दुपार लेन्स पुसून खारा वारा घालवला. संध्याकाळी शेजारच्या शाळकरी पोराने सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आवाजाच्या चौकटीत टिचकी मारली आणि अभंग सुरू झाला. “बगलंस?” अण्णा म्हणाले, “सुकली लेन्स.”

मग पेनड्राइव्हचं प्रकरण. एका चाकरमान्याला डबलबारी भजनाची सीडी मुंबईला न्यायची होती. अण्णांनी ती डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉपी करून दिली. तिकडे काहीच वाजेना. ऑडिओ सीडीवर आपण समजतो तशा फाइली नसतातच. विंडोज दाखवतं ती प्रत्येक गाण्याची ४४ बाइटची चिठ्ठी, गाणं तबकडीवर कुठे आहे एवढं सांगणारी. अण्णांनी नुसत्या चिठ्ठ्याच मुंबईला धाडल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाले, “रेल्वेन गेलो ना तो? वाटेर खाडी किती लागतत!”

सीडी पुसायची त्यांची पद्धत तर बघवत नाही. बनियनच्या टोकाने, जातं फिरवल्यासारखी, गोल गोल. मी अनेकदा सांगितलं, अण्णा, मधून कडेकडे सरळ पुसा. आवाज गोल वळत जाणाऱ्या रेघेत असतो. आडवा ओरखडा पडला तर सुटलेलं जुळवून घेता येतं, रेघेबरोबर गेला तर सलग तुकडाच गिळतो. “तू शिकल्लो मानूस,” म्हणायचे आणि पुन्हा गोल गोल.

शेजारच्या काकींकडे त्यांच्या यजमानांच्या बारीची घरी राइट केलेली एकच सीडी होती. बुवा जाऊन बरीच वर्षं झालेली. सीडीची कड काळवंडलेली, दुकानदाराने हात जोडून परत केलेली. कडेने दमट हवा आत शिरून चंदेरी थर खाल्ला होता. म्हणजे निदान पहिल्यांदाच खरं ठरण्याची संधी! पण अण्णा चकार शब्द बोलले नाहीत. सीडी पुसली, तीही मधून कडेकडे, सरळ. वेग सगळ्यात कमी ठेवला आणि रात्रभर खुर्चीत बसून राहिले. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचं गाणं कडेला. रूपाचा अभंग आला, गवळणही आली. गजर काही येईना.

पहाटे त्यांनी माईक जोडला, झांज मागवली आणि गजर स्वतः म्हटला. तरुणपणी ते याच बुवांच्या मागे झांजेला असायचे, हे मला तेव्हा कळलं. सूर दोन ठिकाणी चांगलाच घसरलाय. झांज मात्र कुठे चुकलेली नाही.

ती फाइल आता चाकरमान्यांच्या ग्रुपवर फिरते. कोणीतरी हमखास विचारतं, गजराक बुवांचो आवाज असो कसो बसलो?

काकी सांगतात, “तेवा ताप होतो त्यांका.”