सोवळ्यातली बेटकुळी

वहिनी, दार लोटा आणि बसा. चहा टाकते, पण आधी बातमी ऐका.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा धाकटा नाही का, पहाटे साडेपाचला जिन्यात बूट वाजवत जातो तो? काल लिफ्टमध्ये सापडला. मी आपलं सहज विचारलं, "काय रे, वर्ष झालं की तुझ्या जिमला. कमावलंस काय?" आणि वहिनी, चारचौघांत, मान ताठ ठेवून पोरगं म्हणतं कसं, "काकू, पाच किलो."

पाच किलो! वर्षभरात! अहो, आमचे हे दसरा ते संक्रांत एवढ्यात तेवढं कमावतात, तेही सोफ्यावरून न उठता. लिफ्टमध्ये सगळे असे गप्प झाले, जसं काही त्याने नापास झाल्याचं सांगितलं. वर हा म्हणतो, "त्यातलं सगळं स्नायूंचंच आहे असंही नाही. थोडी चरबी असेल, थोडं पाणी." इतकं खरं बोलायची गरज होती का? लग्नाचं वय आहे पोराचं.

शेजारच्या विंगमधला बघा, तो गळ्यात जाड साखळी घालतो तो. गणपतीला काटकुळा होता, होळीला दंड शर्टाच्या बाहीत मावेनात. त्याला कुणी काही विचारतं का? उलट सोसायटीतली सगळी पोरं त्याच्या मागे, "दादा, काय खातोस?" दादा म्हणतो, "अंडी आणि मेहनत." बरं बाबा. आम्हीही अंडी उकडतोच.

आता जिमवाल्यांत नवीन सोवळं-ओवळं निघालंय, ते ठाऊक आहे ना? माणूस 'नॅचरल' आहे की 'कोर्स' मारलाय. कोर्स म्हणजे संगणकाचा नव्हे हो! इंजेक्शनं. पूर्वी मुलगी बघायला आले की विचारायचे, मंगळ आहे का. आता पोरं एकमेकांच्या खांद्यांकडे बघून कुजबुजतात, नॅचरल असेल का रे? आणि गंमत अशी, की खरा सोवळ्यातला शर्ट घातला की दिसतच नाही. चौथ्या मजल्यावरचा हा रेशनच्या रांगेत उभा राहिला तर तुम्ही म्हणाल, चांगला सुदृढ मुलगा आहे. बस्स. वर्षभराच्या साडेपाचचं एवढंच कौतुक.

मी कानोसा घेतला थोडा. मला कसं कळलं म्हणून काय विचारता? माणसाला कान असतात. तर लाइल मॅकडोनल्ड म्हणून एक अमेरिकन लेखक आहे, त्याचा आडाखा या मंडळींत फार चालतो. तरुण पुरुषाने खाणं, झोप, वजनं सगळं नीट सांभाळलं तर पहिल्या वर्षी नऊ ते अकरा किलो स्नायू. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे. तिसऱ्या वर्षी त्याच्याही निम्मे. चौथ्या वर्षी किलोभर मिळाला तर देवाला नारळ. म्हणजे बँकेने पहिल्या वर्षी चांगलं व्याज द्यायचं आणि मग दरसाल निम्मं करत जायचं! अशा बँकेवर आपण मोर्चा नेला असता. आणि तो पहिला आकडाही अगदी आदर्श पोराचा. रात्री दोनपर्यंत मोबाइल चिवडणाऱ्याचा नव्हे. बायकांनी तर यातला अर्धाच धरायचा म्हणे.

पण खरी लाज आणणारी गोष्ट पुढेच आहे. जवळ सरका. १९९६ साली अमेरिकेत डॉक्टर शालेंदर भसीन आणि त्यांच्या मंडळींनी ४३ पुरुषांवर प्रयोग केला, दहा आठवड्यांचा. काहींना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचलं, काहींना नुसतं खोटं इंजेक्शन. दोन्हींतल्या निम्म्यांना वजनं उचलायला लावली, निम्म्यांना सांगितलं, हातपाय हलवू नका. निकाल काय? खोटं इंजेक्शन घेऊन घाम गाळणाऱ्यांचं चरबी सोडून वजन वाढलं दोन किलोंच्या आसपास. आणि खरं इंजेक्शन घेऊन नुसते बसून राहिले, त्यांचं तीन किलोंच्या वर! बसून, वहिनी! दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलो. आता सांगा, जगात न्याय उरला का? माझ्या सासूबाईंना हे कळलं असतं तर त्यांनी कष्टाला पर्याय नाही हे घोकायचं सोडून दिलं असतं. अर्थात त्या इंजेक्शनाचं बिल नंतर येतं. शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायचं थांबवतं, बापपण अडतं, हृदयावर ताण येतो. पण साखळीवाल्या दादाच्या फोटोत हृदय दिसत नाही ना.

आणि घरच्यांचा राग कुणावर? पावडरवर! चौथ्या मजल्यावरच्या काकू डोळ्याला पदर लावून मला सांगत होत्या, "पोरगं पावडर घ्यायला लागलंय हो." मला वाटलं, आता पोलीस येणार. गेले बघायला, तर डब्यात दुधाचं प्रोटीन. ताकावरच्या निवळीचं श्रीमंत भावंड, दुसरं काय! बरं, त्याचा चमत्कार तरी केवढा? २०१८ साली ४९ प्रयोगांची गोळाबेरीज करून संशोधकांनी सांगितलं, की वजनं उचलणाऱ्याने वरून प्रोटीन घेतलं तर सरासरी ३०० ग्रॅमची भर पडते. तीनशे ग्रॅम! तेवढी तर भाजीवाला वरून कोथिंबीर टाकतो. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम प्रोटीन पुरे, त्यापुढे सरासरीत फारसा फायदा दिसत नाही. म्हणजे पासष्ट किलोच्या पोराला शंभर-एक ग्रॅम. एका अंड्यात सहा. आता आपली वरणाची वाटी म्हणजे पाण्यात पोहणारी डाळ, हे मात्र कबूल करायला हवं. त्या बाबतीत पोरगं बरोबर आहे, काकूंना सांगू नका.

आजोबा लोकांचं वेगळंच. आमचे सासरे म्हणायचे, तालमीत वस्तादांपुढे जोर-बैठका काढायच्या, बदाम घोटून दूध प्यायचं, झाला पैलवान. त्यांच्या पिढीला मनोहर ऐच माहीत होते. बंगालचे, उंची चार फूट अकरा इंच, १९५२ साली मिस्टर युनिव्हर्सच्या आपल्या गटात जिंकले आणि शंभरी ओलांडून २०१६ साली गेले. डायनाबोल नावाची स्नायू फुगवणारी ती गाजलेली गोळी बाजारात यायला, ते जिंकले तेव्हा, सहा वर्षं अवकाश होता. सासऱ्यांची बेटकुळी मात्र शेवटपर्यंत लिंबाएवढीच राहिली. बदाम कमी पडले म्हणायचे.

बदाम कसले, नशीब म्हणा! २००५ सालचा एक अभ्यास आहे. ५८५ स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे एकाच दंडाचा एकसारखा व्यायाम केला. कुणाचा स्नायू ५९ टक्क्यांनी फुगला, तर कुणाचा दोन टक्क्यांनी चक्क घटला. घटला, वहिनी! तीन महिने फी भरून! हे म्हणजे पत्रिका जुळवण्यातलाच प्रकार. पण जिमच्या बाहेरच्या फलकावर कधी त्या घटलेल्याचा फोटो पाहिलाय?

चहा घ्या, निवेल. आलं जरा जास्त पडलंय.

आता उठताना एक काम करा. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून माझी ब्लाउजं आणायची आहेत, तुम्ही जाल का? नाही, मला वेळ आहे, पण मी जात नाही आता तिकडे. परवा गेले तर टेप दंडाला लावून तो अख्ख्या दुकानात ओरडला, "ताई, बाही अर्धा इंच सोडावी लागेल, गेल्या वर्षीच्या मापात बसत नाही." मी म्हटलं, कापड आटलं असेल. तर म्हणतो, "कापड नवं आहे ताई."

आठ महिने झाले. सकाळी अकराची बायकांची बॅच. तुम्ही मला भाजीची पिशवी घेऊन जाताना बघता ना, त्यात बूट असतात. अर्धा इंच स्नायूंचा की दिवाळीच्या चकल्यांचा, हे शिंप्याला कुठून कळणार? जरा हात लावून बघता? नाही, असा सैल नाही, थांबा. आता दाबा.