माहुलवर बोट ठेवणाऱ्या साहेबांस

साहेब,

पत्र उघडं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातले अर्ज तुम्ही उघडत नाही.

तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवायच्या ठरल्या, तेव्हा विद्याविहार-घाटकोपरची माणसं कुठे न्यायची, हा प्रश्न तुमच्यापुढे आला. तुम्ही ट्रॉम्बेच्या कडेच्या माहुलवर बोट ठेवलंत. ७२ इमारती तयार, खोल्या रिकाम्या, विषय संपला! कुंपणापलीकडचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५०च्या दशकापासून तिथे आहेत, ते काही रातोरात उगवले नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-आंबापाड्याच्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचा निकाल दिला. त्यानंतर, २०१७ मध्ये, तुम्ही तान्ही पोरं आणि दमेकरी म्हातारी माणसं त्याच हवेत आणून सोडलीत. नकळत झालं म्हणायची सोय तुम्हाला उरलेली नाही. निकाल तुमच्या कचेरीतही वाचता येत होता.

घर दिलं म्हणता. २२५ चौरस फुटांचं घर, आणि इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. खिडकी उघडावी तर वास, लावून घ्यावी तर कोंडमारा. लिफ्ट बंद, आजारी माणूस सातव्या मजल्यावर. विद्याविहारला चार घरची धुणीभांडी चालत जाऊन करणाऱ्या बाईचं काम सुटलं, पोरांची शाळा सुटली. ८ ऑगस्ट २०१८ला रिफायनरीत स्फोट झाला, तेव्हा हादरा या घरांपर्यंत पोचला. त्याच वर्षी लोक विद्याविहारच्या फुटपाथवर जाऊन बसले. मिळालेलं पक्कं घर सोडून माणूस फुटपाथ का धरतो, हे तरी एकदा कुणाला विचारायचंत!

एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं की माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरं घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. एवढी साधी माणुसकी शिकवायला तुम्हाला न्यायमूर्ती लागले.

२०२५ मध्ये तिथल्याच रिकाम्या राहिलेल्या खोल्या तुमच्या महापालिकेने आपल्या कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांना विकायला काढल्या. रस्ते झाडणाऱ्याच्या, गटारात उतरणाऱ्याच्या आयुष्याची पुंजी तिथे अडकवायची? पडझड झालेल्या इमारतींना गिलावा लागेल, नळ बदलतील, रंगही चढेल. हवेला रंग देता येत नाही, साहेब. वस्ती सुधारायची तर सुरुवात धुराड्यापासून करा.

आणि माहुल गावातल्या कोळ्यांचं काय? ते तर रिफायनरीच्याही आधीचे. त्यांना कुठलंच संक्रमण शिबिर नको आहे, त्यांना त्यांची खाडी हवी आहे. प्रत्येक इमारतीच्या दारात आणि गावाच्या जेट्टीवर रोजच्या हवेचे आकडे मराठीत लावा. चोवीस तास डॉक्टर असलेलं रुग्णालय जवळ उभारा. ज्यांना परत जायचं आहे, त्यांना त्यांच्या जुन्या वॉर्डात घरं द्या. हे होईपर्यंत माहुलमधली एकही खोली विकू नका.

माहुलची एक रहिवासी