पूर्ण तिकिटाचा माणूस

मंठ्याहून जालन्याला निघालेल्या एसटीत आमच्या घरातला पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटाच असतो. बापूंना, म्हणजे वडिलांना, २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट, कारण आधार कार्डाच्या हिशेबाने ते पंचाहत्तरी ओलांडून बसलेत. (जन्मतारीख १ जून. त्या पिढीतली आमच्याकडची अर्धी माणसं १ जूनलाच जन्मली, शाळेच्या मास्तरांनी तसं ठरवलं.) बायकोला आणि आत्याला १७ मार्च २०२३ पासून अर्धं. पोरगा अजून हाफमध्ये. कंडक्टर मशीन कुटकुटवत सगळ्यांना उरकतो, माझ्यापाशी थांबतो आणि वर न बघता म्हणतो, ‘‘एक फुल.’’ घरचा कर्ता या नात्याने एवढाच काय तो मान मला जाहीरपणे मिळतो, आणि त्याचेही पैसे पडतात.

या सवलतींनी घराचं वेळापत्रक फिरवून टाकलंय. पूर्वी बापूंना डॉक्टरकडे जालन्याला न्यायचं म्हणजे आठवडाभर मनधरणी. आता सकाळी धुतलेलं धोतर नेसून ते स्टँडवर हजर. परतूरला जाऊन चहा पिऊन येतात. तिथला चहा एवढा चांगला आहे का, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘चहाचं काय घेऊन बसलास, गाडी रिकामी चालली होती.’’ बायकोचं माहेर जिंतूरला. आधी दिवाळी आणि पंचमी, संपलं. सरकारने ते माहेर निम्म्या अंतरावर आणून ठेवल्यापासून ‘मी चालले’ या वाक्यातला दम वाढला आहे. पूर्वी मी भाडं देत नाही म्हणून भांडण मिटायचं.

बरं, पैसे कमावणारा म्हणून ऐट करावी, तर सरकार घरात प्रत्येकाला काही ना काही पाठवतं, फक्त मला नाही. सातबारा बापूंच्या नावावर, त्यामुळे पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि वर राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० बापूंना. पेरणी मी करतो, फवारणी मी करतो, सोयाबीनचे भाव पडले की झोप माझी उडते. पण शेतकरी बापू.

राहिलं रेशनकार्ड. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं तेरावं कलम सांगतं की घरातली अठरा वर्षांवरची थोरली बाई हीच कुटुंबप्रमुख. आई गेली, तेव्हा थोरली बाई म्हणजे आमची आत्या, बापूंची धाकटी बहीण, जी कित्येक वर्षांपासून आमच्यातच असते. कार्डावर पहिलं नाव तिचं. त्याखाली बापू, नाते: भाऊ. त्याखाली मी, नाते: भाचा. बायको भाचसून. ज्या भिंतींचा गिलावा मी स्वतः उभा राहून करून घेतला, त्या घरात मी कागदोपत्री भाचा म्हणून राहतो. आत्याने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलंय, आणि झेरॉक्सला मागितलं तर आधी विचारते, ‘‘कामून पाहिजे?’’

कार्डाचा रंग मात्र विचारू नका. १ मे १९९९ ला राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डं आली. पांढऱ्यात इभ्रत होती, धान्य नव्हतं. केशरीत इभ्रत बेताची. पण आमच्यासारख्या १४ जिल्ह्यांतल्या केशरीवाल्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये येऊ लागले, पुढे १७० झाले. जातात कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात. म्हणजे माझ्या तोंडच्या घासाचे पैसे आत्याच्या पासबुकात.

तरीही मी नियमांवर रागावत नाही, कारण नियम हा आमच्या तालुक्याचा कुळाचार आहे. मंठ्याजवळ हेलस नावाचं गाव आहे. हेमाडपंत तिथले, असं आम्ही सांगतो, आणि जो ऐकत नाही त्याला चहा पाजून सांगतो. तेराव्या शतकात महादेव आणि रामदेवराव या यादव राजांच्या पदरी हेमाद्री, म्हणजे हेच पंत, श्रीकरणाधिप होते. म्हणजे राज्याचं सगळं दप्तर त्यांच्या हाताखाली. आजच्या भाषेत वित्त, महसूल आणि सामान्य प्रशासन एकाच खुर्चीत. त्यांचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ नावाचा अवाढव्य ग्रंथ आहे आणि त्यात व्रतखंड आहे, दानखंड आहे. कोणतं व्रत कोणत्या तिथीला, ते कोणी करावं, कोणी करू नये, सामग्री काय लागेल, दान कोणाला द्यावं. पात्रता, अपात्रता, सोबत जोडायच्या वस्तू, मुदत! जीआरची सगळी अंगं तिथे तयार आहेत, फक्त ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ तेवढी राहिली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘महिकावतीच्या बखरी’च्या प्रस्तावनेत हेमाद्रीला याच कारणासाठी फैलावर घेतलं, वर्षाचे दिवस ३६५ आणि व्रतं दोन हजारांच्या घरात, असा त्यांचा हिशेब. आम्हाला राजवाड्यांचा राग येत नाही. दोन हजार योजनांची कल्पना सातशे वर्षं आधी आमच्या गाववाल्याला सुचली होती, हे त्यांनीच लिहून ठेवलं ना?

पत्रात कोणाला कोणता मायना घालायचा, याची मेस्तकंही हेमाडपंतांच्या नावावर आहेत. मोडी लिपी त्यांनीच आणली असंही म्हणतात. विद्वान त्यावर भांडतात, आम्ही भांडत नाही. २०२३ मध्ये जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारा माणूस एकाएकी मामलेदारापेक्षा मोठा झाला, तेव्हा पंतांची दूरदृष्टी आम्हाला पुन्हा पटली: दप्तर असं लिहावं की पुढे वाचणाऱ्याला रोजगार मिळेल. आणि ती हेमाडपंती देवळं! दगडावर दगड, खाच्यात खाचा, मध्ये चुना नाही. चुना लावायची पद्धत राज्यकारभारात नंतर आली.

तर अशा माणसाचा मी गाववाला. (मंठा ते हेलस हे अंतर अभिमानाला आड येत नाही. जालन्यात एका चौफुलीला आमच्या मंठ्याचं नाव आहे, यावरही आम्ही बरीच वर्षं छाती काढून चालतो आहोत.) गल्लीतले लोक अर्ज लिहायला माझ्याकडे येतात. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ मी असं लिहितो की वाचणाऱ्याने खुर्ची सरळ करावी. २८ जून २०२४ ला ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’चा जीआर निघाला आणि माझा सुवर्णकाळ आला. महिना १,५०० रुपये. वय २१ पासून ६० पर्यंत, मग सुधारणा होऊन ६५ पर्यंत. पाच एकरांची अट आली आणि आठवड्याच्या आत गेली. उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पिवळं-केशरी कार्ड असेल तर दाखल्याची गरज नाही. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, शिवाय घरातली एक अविवाहित. मला तोंडपाठ होतं. गल्लीतल्या सगळ्या बायांचे फॉर्म मी भरले. सासू आणि सून दोघींना मिळावं म्हणून कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची बिनलग्नाची लेकरं, ही व्याख्या मी ओट्यावर बसून समजावून सांगितली. ज्या सासवा-सुना वर्षभर बोलत नव्हत्या, त्या माझ्यासमोर एकमेकींच्या आधार नंबरांची शहानिशा करत होत्या.

फक्त एका बाईचं घोडं अडलं. माझ्या बायकोचं. कुटुंबात कोणाच्या नावावर चारचाकी असू नये. कंसात: ट्रॅक्टर वगळून.

चारचाकी माझ्या नावावर आहे. सेकंडहँड, पांढरी, आमच्या अंगणात लिंबाखाली उभी. तिच्यातून आम्ही जात नाही, कारण एसटी स्वस्त पडते. पण ती आहे. पाहुणे आले की मी तिच्यावरचं कव्हर काढतो. लग्नपत्रिका द्यायला आलेला माणूस ती बघून आवाज बदलतो. बायकोने तरीही फॉर्म भरला, ‘‘ही कुठं चारचाकी, हिच्या तीनच चाकांत हवा आहे,’’ असं म्हणून. हप्ते आलेही. मग २०२५ च्या फेब्रुवारीत चारचाकी तपासायला अंगणवाडीच्या ताई घरोघरी फिरू लागल्या.

ताई आल्या तेव्हा बायको दारात उभी राहून सांगत होती की गाडी बंद आहे, भंगार आहे, कोंबड्या बसतात हिच्यात. सगळं खरं होतं. पण माझी गाडी बघायला सरकारी कामावरचं माणूस पहिल्यांदाच दारी आलेलं! मी कव्हर ओढलं, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणालो, ‘‘बंद? एका चावीत चालू होते.’’ बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिता येत नाही. चावी फिरवली. गाडी खोकली, थांबली. बायकोच्या चेहऱ्यावर आशा. ताईंनी पेन वर धरलेलं. मी पुन्हा फिरवली, आणि कोंबडीला आत ठेवून गाडी चालू झाली. त्या आवाजाने माझी मान जितकी ताठ झाली तितकी लग्नातही झाली नव्हती. ताईंनी लिहून घेतलं.

बायकोने रात्री हिशेब मांडला. ‘‘पंधराशे गुणिले बारा, वर्षाला अठरा हजार. एवढे पैसे देऊन आपण कोंबडी पाळली.’’ मी म्हणालो, ट्रॅक्टर घेतला असता तर आपण गरीब राहिलो असतो. त्यावर ती हसली नाही. माझ्या मते वाक्य चांगलं होतं.

आत्याला मात्र पैसे मिळत राहिले. व्याख्येप्रमाणे ती माझ्या कुटुंबात नाही. पहिले दोन हप्ते एकदम, राखीपौर्णिमेच्या तोंडावर, ३,००० रुपये. बापूंनी ओवाळणीत शंभराची नोट टाकली, आणि आत्याने त्यांच्यापुढे नवीन चपलांचा जोड ठेवला. त्या चपला घरातल्या घरातच घालून बापू दिवसभर फिरले. दर वेळी सरकारी ‘निराधार’ योजनेच्या पगाराची गोष्ट निघाली की हेच बापू ओरडायचे, ‘‘माझी बहीण निराधार नाही, मी जिता आहे.’’ म्हणून तो अर्ज कधी झालाच नाही.

आता ही आत्या. तिचा नवरा लग्नानंतर काही वर्षांनी ऊसतोडीला गेला तो तिकडेच राहिला. दुसरी केली म्हणतात. सोडचिठ्ठी नाही, कोर्ट नाही, काही नाही. आत्या ट्रंक घेऊन भावाकडे आली. आजोबा गेले तेव्हा तिने जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा दिला, बापूंनी तिला लुगडं घेतलं, आणि सातबारा बापूंच्या एकट्याच्या नावावर झाला. सगळ्याच घरांत तसं होत होतं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, केंद्राने २००५ मध्ये. त्यावर आमच्याकडचं उत्तर म्हणजे हा हक्कसोडीचा कागद. त्या कागदावर तिच्या नवऱ्याची सही कोणी मागितली नव्हती. जमीन सोडायला तिचा एकटीचा अंगठा चालला.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी आली. बाईचा आधार नंबर, तिच्या मोबाइलवर ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर, त्याच्या मोबाइलवर ओटीपी. मी ओट्यावर मोबाइल घेऊन बसलो होतो, चष्मा लावून, गल्ली जमवून, नेहमीच्या थाटात. आत्या म्हणाली, ‘‘बाळा, वडील तर गेले. आन् त्याचा नंबर मला कुठला ठावं?’’ ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ मला काही सुचलं नाही. मी उगाच स्क्रीनवर बोट फिरवत राहिलो.

पुढे ओरड झाली, मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. नवरा किंवा वडील वारले असतील त्यांनी मृत्यूचा दाखला द्यावा, घटस्फोट झाला असेल त्यांनी तो कागद किंवा कोर्टाचा आदेश द्यावा, अंगणवाडी सेविकेकडे. चांगलं झालं, गल्लीतल्या विधवा बायांचं काम झालं. आत्याकडे वडिलांचा दाखला आहे. नवऱ्याचा नाही. तो मेलेला नाही, निदान कळवलेलं नाही. सोडलं असतं तर कागद असता. त्याने सोडलं नाही, टाकलं. याच योजनेत १४,००० हून जास्त पुरुषांच्या खात्यात पैसे गेल्याचं २०२५ मध्येच उघड झालं. त्या लाडक्या बहिणींना कोणाच्या नवऱ्याचा ओटीपी लागला असेल?

म्हणून अर्ज पुन्हा लिहायला घेतलाय. मायना हेमाडपंती आहे, महोदय आणि महोदया दोन्ही घातलेत. ज्यांच्या सहीने हे नियम निघतात, त्यांना मागणं एवढंच: परित्यक्तेला पात्र तुम्हीच ठरवलंत, तर तिच्याकडे नवऱ्याचा नंबर मागू नका. अंगणवाडीच्या ताई गाडी बघून लिहून नेऊ शकतात, तर टाकलेली बाई बघूनही लिहून नेऊ शकतील. रेशनकार्डावर जी घराची प्रमुख चालते, तिचा स्वतःचा अंगठा पंधराशे रुपयांना पुरेसा माना. आणि नवरा हवाच असेल, तर तो सरकारनेच शोधून आणावा. आत्याला त्याच्याशी चार शब्द बोलायचेच आहेत.